फवारणी पंपाची लिथियम बॅटरी : चार्जिंग, साठवण आणि ने-आण



खरिपाच्या तोंडावर वऱ्हाडातील एका गावी कपाशीवरील रसशोषक किडींविषयी बैठक होती. बैठक आटोपल्यावर एका शेतकऱ्याने आपला नवा फवारणी पंप दाखविण्यासाठी आग्रहाने घरी नेले. भाव वाढेल या आशेने मागील हंगामातील कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला होता. त्या कापसाला टेकूनच पंप उभा होता आणि त्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. घराला दरवाजा एकच, तोही त्याच खोलीतून. "रात्री निजताना लावतो, सकाळी काढतो. जुन्या पंपाला पाच वर्षे असेच केले, कधी काही झाले नाही, साहेब," असे ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु जुन्या पंपात शिसे-आम्लाची, म्हणजे आपण जिला ॲसिडची म्हणतो ती बॅटरी होती आणि नव्या पंपात लिथियमची. बाहेरून डबा तोच, खटका तोच, चार्जरची पिनही तशीच. आतील वस्तू मात्र पूर्ण वेगळी. पहिलीसाठी योग्य असलेल्या काही सवयी दुसरीसाठी नुकसानीच्या, तर काही धोक्याच्या ठरतात. पंप विकणारा दुकानदार हे सांगतोच असे नाही. म्हणून या लेखात त्याची माहिती दिली आहे.

दोन बॅटऱ्यांचे दोन स्वभाव

शिसे-आम्लाच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असते. पंपात येणारी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची अशी बॅटरी सुमारे अडीच किलो वजनाची भरते. ती रिकामी राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा कठीण थर बसतो व बॅटरी कायमची खराब होते. म्हणून तिला नेहमी भरून ठेवावे असा सल्ला आजवर दिला गेला व तो बरोबरच आहे. ती जास्त वेळ चार्जिंगवर राहिली तर आतील पाणी कमी होते आणि बॅटरी हळूहळू दुबळी पडते. तिच्या बाबतीत चूक झाली तर नुकसान बहुधा बॅटरीपुरतेच राहते.

लिथियम बॅटरीचे वजन तेवढ्याच क्षमतेसाठी निम्म्याहून कमी असते. दिवसभर पाठीवर पंप वाहणाऱ्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. या बॅटरीच्या डब्यात लहान लहान घट एकमेकांना जोडलेले असतात. बहुतेक ठिकाणी ते १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा गोल नळीच्या आकाराचे असतात. बाजारात त्यांना १८६५० या आकड्यानेच ओळखतात. प्रत्येक घटात तांब्याचा एक व ॲल्युमिनियमचा एक असे दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात. तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा, तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमच्या संयुगाचा लेप असतो. या दोन्हींच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. आतील द्रव म्हणजे पाणी किंवा आम्ल नसून पेट घेणारे सेंद्रिय द्रावण असते. चार्जिंग करताना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि बॅटरी वापरताना परत येतात. अशी बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्व भिस्त त्या मधल्या पडद्यावर असते. मर्यादेबाहेर चार्जिंग झाले, घट दबला, चेपला किंवा फार तापला की पडदा निकामी होतो आणि दोन्ही बाजू आतल्या आत एकमेकींना भिडतात. मग उष्णता तयार होते, त्या उष्णतेने आतील पदार्थांचे विघटन होते आणि त्यातून आणखी उष्णता निघते. ओलसर चाऱ्याची गंजी रचली तर ती आतून कशी तापत जाते, हे शेतकऱ्यांना माहीत आहे. इथे प्रकार तसाच, फक्त गंजीला दिवस लागतात आणि या घटाला काही मिनिटे, कधी काही सेकंद पुरतात. एक घट पेटला की शेजारचा तापतो व तोही पेटतो. शिवाय काही प्रकारांत लिथियमच्या संयुगातूनच प्राणवायू सुटत असल्याने पोते टाकून किंवा झाकून ही आग गुदमरत नाही.

यावरून कोणी लिथियमचा पंप घेऊच नये असा अर्थ काढू नये. योग्य चार्जर, योग्य जागा आणि थोडे लक्ष एवढ्यावर ती वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. आपल्या खिशातील मोबाइलची बॅटरी याच जातीची आहे. फरक एवढाच की मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॉट-तास ऊर्जा असते, तर १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाच्या पंपाच्या बॅटरीत १४४ वॉट-तास.

चार्जरची गल्लत

लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून थोडा हिशेब करावा लागेल.

लिथियमच्या नेहमीच्या घटाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट होतो. त्यापुढे त्याला नेऊ नये. असे तीन घट एकापुढे एक जोडले की पंपाची बॅटरी तयार होते. तिची पूर्ण भरलेली मर्यादा ३ × ४.२ म्हणजे १२.६ व्होल्ट. दुसरा प्रकार लिथियम लोह फॉस्फेटचा. त्याचा एक घट सरासरी ३.२ व्होल्टचा, भरल्यावर ३.६५ व्होल्टचा असतो. तसे चार घट जोडतात, मर्यादा १४.६ व्होल्ट. हा दुसरा प्रकार थोडा जड असतो, पण स्वभावाने शांत आहे. तापून पेटण्याची शक्यता त्यात बरीच कमी असते. पेटतच नाही असे मात्र नाही. दोन्हींपैकी निवड करता येत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन लोह फॉस्फेटची बॅटरी घ्यावी, असे आमचे मत आहे.

आता जुन्या शिसे-आम्लाच्या पंपाचा चार्जर पाहा. तो चार्जिंगच्या शेवटी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तोच चार्जर तीन घटांच्या लिथियम बॅटरीला लावला तर प्रत्येक घटाच्या वाट्याला १४.४ भागिले ३, म्हणजे ४.८ व्होल्ट येतात. मर्यादा आहे ४.२ ची. चांगल्या बॅटरीत यासाठी एक संरक्षक सर्किट बसविलेले असते. दुकानदार त्याला बी.एम.एस. म्हणतात. दाब मर्यादेबाहेर गेला की ते प्रवाह तोडते. परंतु ती शेवटची सोय आहे. सांडवा आहे म्हणून कोणी रोज तलाव काठोकाठ भरीत नाही. हलक्या प्रतीच्या बॅटरीत हे सर्किट नावापुरतेच असते, तर काहींत ते नसतेच.

ही चूक घडण्याचे कारण अगदी साधे आहे. दोन्ही चार्जरची गोल पिन सारखीच असल्याने ती दोन्ही पंपांना बसते. घरात जुना व नवा असे दोन पंप असतील, किंवा जुन्या पंपातील बॅटरी काढून त्याजागी लिथियमची बसवून घेतली असेल, तर ही अदलाबदल आज ना उद्या होणारच. त्यावर उपाय असा : चार्जरच्या पाठीवरील 'आउटपुट' या शब्दापुढील आकडा वाचावा. १२.६ लिहिले असेल तर तो तीन घटांच्या लिथियमचा आणि १४.६ असेल तर चार घटांच्या लोह फॉस्फेटचा समजावा. चार्जर व बॅटरीचा डबा या दोन्हींवरील आकडे जुळवून पाहावेत. नंतर पंप व त्याचा चार्जर यांच्यावर एकाच रंगाच्या ऑइलपेंटचा ठसठशीत ठिपका द्यावा. दुसऱ्या जोडीला दुसरा रंग. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशा घरच्या माणसांना आणि सालदारालाही मग चूक टाळता येते. चार्जर बिघडला तर शेजाऱ्याचा आणून लावू नये. त्याच कंपनीचा व त्याच आकड्याचा नवीन घ्यावा.

चार्जिंग केव्हा आणि कोठे करावे

घरातील माणसे जागी असताना चार्जिंग करावे. रात्रभर लावून ठेवण्याची गरज मुळात नसते. हिशेब सोपा आहे : ८ अँपिअर-तासाची बॅटरी व १.७ अँपिअरचा चार्जर असेल तर पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास पाच ते सहा तास लागतात. चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला की काढून घ्यावी.

येथे भारनियमनाची अडचण अनेकजण सांगतात व ती खरी आहे. सलग पाच तास वीज मिळेलच याची खात्री नसते. परंतु लिथियम बॅटरी एकाच बैठकीत भरावी लागत नाही. सकाळी दोन तास, दुपारी जेवणाच्या वेळी एक तास, संध्याकाळी दिवेलागणीनंतर दोन तास असे तुकड्यांनी चार्जिंग केले तरी तिचे काहीही बिघडत नाही. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये" हा समज जुन्या निकेल-कॅडमियमच्या घटांवरून आलेला आहे. उलट लिथियम बॅटरी पूर्ण उतरू न देता थोडी शिल्लक असतानाच भरलेली चांगली.

रात्रीच्या चार्जिंगविषयी एवढा आग्रह का, तर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसई येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला. स्कूटरची बॅटरी पंपाच्या बॅटरीपेक्षा बरीच मोठी असते हे खरे. पण कापसाने भरलेल्या खोलीला पेटण्यासाठी मोठी बॅटरी लागत नाही.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. बॅटरी पेटलीच तर शेजारी पेटण्यासारखे काय आहे, आणि माणसांना बाहेर पडण्याची वाट कोणती आहे. दगडी किंवा शहाबादी फरशीची ओसरी, पडवी, अंगणातील छपराखालचा ओटा ही जागा उत्तम. कापूस, कडबा, बारदान, गादी-गोधड्या, रॉकेल, डिझेल, खतांची पोती आणि कीटकनाशकांचे डबे यांच्याजवळ चार्जिंग करू नये. कीटकनाशके तापली किंवा जळाली तर त्यांचा धूर बॅटरीच्या आगीपेक्षा जास्त घातक ठरू शकतो. घराला एकच दरवाजा असेल तर त्या दरवाजाच्या वाटेवर बॅटरी ठेवू नये. गोठ्याची जागा मोकळी व हवेशीर म्हणून अनेकांना सोयीची वाटते. पण वर कडबा असतो आणि दावणीला बांधलेले जनावर आग लागल्यावर पळू शकत नाही. म्हणून गोठा वर्ज्य समजावा.

पंप फवारणीहून आणल्याबरोबर चार्जिंगला लावू नये. बॅटरी आतून गरम असते, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्यावी. पंप धुताना बॅटरीच्या कप्प्यावर पाण्याचा झोत मारू नये व चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण लावलेले असावे. टाकीच्या गळतीमुळे औषधाचे द्रावण कप्प्यात उतरलेले असेल तर हातमोजे घालून कप्पा पुसावा, जोडण्या कोरड्या कराव्यात. त्या पूर्ण सुकल्यानंतरच चार्जर जोडावा. द्रावणात बुडालेली बॅटरी मात्र सुकवून वापरण्याचा मोह टाळावा.

तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नये. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच एवढा पारा चढतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. उन्हाळी पिकांवर फवारणी असेल तर चार्जिंग पहाटे उठल्यावर किंवा रात्री निजण्यापूर्वी उरकावे. अतिथंडीचाही नियम आहे : शून्य अंशाखाली चार्जिंग केल्यास घटाच्या आत लिथियम धातूचा थर साचून बिघाड होतो. आपल्याकडे हा प्रसंग जवळजवळ येत नाही. निफाडसारख्या भागात कडाक्याच्या थंडीत पहाटे बाहेर राहिलेला पंप ऊन आल्यावर चार्जिंगला लावला म्हणजे झाले.

हंगामानंतरची साठवण

जुनी सवय सर्वांत जास्त नडते ती येथे. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण भरून पंप माळ्यावर टाकायचा, ही शिसे-आम्लाची रीत. लिथियम बॅटरी मात्र निम्मी भरलेली, म्हणजे ४० ते ६० टक्के अशी ठेवावी. पूर्ण भरलेल्या स्थितीत आणि उष्ण जागी महिनोन्महिने राहिली तर तिची क्षमता कायमची घटते. पंपावर दर्शक दिवे असतील तर चारपैकी दोन दिवे लागतील एवढी भरावी. दर्शक नसेल तर पूर्ण भरून, पुढे साध्या पाण्याने भरलेल्या टाकीवर पंप चालवून निम्मा वेळ वापरावी. पंप धुऊनही निघतो.

रिकामी ठेवणे त्याहून वाईट. पंपाचा खटका बंद असला तरी थोडा प्रवाह झिरपत असतो, म्हणून साठवणीत बॅटरीची जोडणी सोडवून ठेवावी. चार-सहा महिन्यांत घटाचा दाब फार खाली, अडीच व्होल्टच्याही खाली गेला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्जिंग करताना तेच तांबे आत साचून दोन्ही बाजू जोडते. अशा मेलेल्या बॅटरीला संरक्षक सर्किट चार्ज होऊ देत नाही. काही कारागीर मग दुसऱ्या बॅटरीच्या तारा थेट लावून, झटका देऊन तिला जिवंत करतात. ती जिवंत होतेही, आणि तीच बॅटरी पुढे घरात पेटण्याची भीती असते. तसे करवून घेऊ नये. दर दोन-तीन महिन्यांनी आठवणीने पाहावे व उतरली असल्यास निम्म्यापर्यंत भरावी. अमावास्या, सण किंवा पगार-हप्त्याची तारीख, जी लक्षात राहते तिच्याशी हे काम जोडून टाकावे.

ठेवण्याची जागा कोरडी, सावलीची व थंड असावी. पत्र्याखालचा माळा, चुलीमागची भिंत, देवघरातील समईजवळचा कोनाडा नको. उंदीर वायर कुरतडतात हेही ध्यानात घ्यावे. पत्र्याच्या पेटीत ठेवायची असल्यास जोडण्यांवर चिकटपट्टी लावावी आणि त्याच पेटीत पाने, स्क्रू, खिळे अशी हत्यारे ठेवू नयेत. हवाबंद डब्यात कोंडू नये.

ने-आण करताना

बॅटरीच्या दोन टोकांना धातूची वस्तू एकदम लागली की शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. सुटे घट किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशात टाकणे हे तर मांडीवर निखारा बाळगण्यासारखे. रानडुकरांच्या राखणीला जाताना डोक्यावरच्या टॉर्चचा जादा घट सोबत घेतात, तो प्लॅस्टिकच्या लहान डबीत किंवा कागदात गुंडाळून न्यावा. मोटारसायकलवर पंप बांधताना दोरी बॅटरीच्या कप्प्यावरून आवळू नये. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी आतील जोडण्या सैल होतात, म्हणून कप्प्यात बॅटरी हलत असल्यास बाजूने फोमचा तुकडा घालावा. बांधावर पंप उन्हात टाकून जेवायला बसू नये. बंद जीप-टेम्पोच्या काचेमागे तर मुळीच ठेवू नये. बॅटरी उंचावरून पडली तर बाहेरून काही दिसत नसले तरी तासभर मोकळ्या जागी ठेवून तापते काय ते पाहावे.

अभ्यास दौऱ्यासाठी विमानाने जाणाऱ्यांकरिता एक सूचना. पॉवर बँक व सुटे घट मोठ्या सामानात न देता हातातील पिशवीत ठेवावे लागतात आणि साधारण १०० वॉट-तासांपर्यंतच ते विनापरवानगी नेता येतात. २० हजार मिलीअँपिअर-तासाची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. पंपाची मोठी बॅटरी या मर्यादेत बसत नाही.

ड्रोन चालविणाऱ्या भगिनींसाठी

महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना केंद्र शासनाने २०२३ साली मंजूर केली. त्यानंतर गावात ड्रोनच्या बॅटऱ्या आल्या. त्यांचे घट गोल नळीचे नसून मऊ वेष्टणातील चपटे असतात. त्यांना पोलादी कवच नसल्याने ते लवकर चेपतात व लवकर फुगतात. ऊर्जाही फार : ४४ व्होल्ट, २२ अँपिअर-तासाच्या एका संचात जवळपास १००० वॉट-तास मावतात, म्हणजे फवारणी पंपाच्या सात मोठ्या बॅटऱ्या एका हातात.

प्रशिक्षणात बऱ्याच गोष्टी शिकविल्या जातात, त्यामुळे येथे मोजकेच सांगतो. उतरलेल्या ड्रोनची बॅटरी हाताला कोमट लागेपर्यंत सावलीत ठेवून मगच चार्जिंगला लावावी, मागे टाकीवर गिऱ्हाईक थांबले असले तरी. चार्जिंग करताना मोठ्या जोडणीबरोबर प्रत्येक घटाचा दाब समान राखणारी लहान तारांची जोडणीही लावलेली असावी. उद्या फवारणी नसेल तर भरलेल्या बॅटऱ्या तशाच ठेवू नयेत. चार्जरवर साठवणीची सोय असते, तिच्याने प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर आणावा. पावसाची झड लागून आठ-आठ दिवस काम बंद राहते तेव्हा याचा विसर पडतो आणि पुढच्या हंगामात संच फुगलेले निघतात. जोडीने वापरायच्या बॅटऱ्यांना क्रमांक घालावेत व वहीत नोंद ठेवावी. ड्रोन झाडात अडकून पडला तर बॅटरी वरून धड दिसली तरी त्या दिवशी घरात आणू नये.

खरेदी व दुरुस्तीतील फसवणूक

आठवडी बाजारात टॉर्चसाठी मिळणाऱ्या १८६५० घटांवर ९९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले आढळते. या आकाराच्या घटात एवढी क्षमता मावत नाही. तेव्हा असा आकडा दिसला की घट बनावट समजावा. हातात घेऊनही कळते : चांगला घट ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट पुष्कळदा हलका लागतो. बॅटरी घेताना आय.एस. १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा व पावती घ्यावी.

तालुक्याच्या ठिकाणी जुन्या लॅपटॉपमधील घट काढून पंपाची बॅटरी बांधून देतात. आमच्या कारागिरांच्या हाताला कसब आहे, त्याविषयी शंका नाही. पण निरनिराळ्या वयाचे घट एका माळेत बांधले की दुबळा घट आधी भरतो, आधी उतरतो आणि दरवेळी मर्यादेबाहेर ओढला जातो. जुगलेल्या बैलांपैकी एक थकलेला असला की काय होते ते सांगायला नको. शिवाय घटावर थेट डाख दिल्याने आतील पडद्याला उष्णता लागते. वाचलेले पैसे आणि घरातील कापूस यांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बॅटरी फुगली, तापली किंवा पेटली तर

डबा फुगणे, गोडसर किंवा थिनरसारखा वास येणे, चार्जिंगच्या वेळी हात ठेववत नाही इतकी तापणे, फुसफुस आवाज येणे ही लक्षणे होत. चार्जर भिंतीकडील खटक्यावरून बंद करावा. बॅटरी नुसती फुगलेली व थंड असेल तर अलगद उचलून उघड्या जागी, घर व गंजीपासून दूर मातीवर ठेवावी. दाबू नये, टोचून हवा काढू नये. धूर निघू लागला असेल तर ती उचलण्याच्या फंदात न पडता आधी मुले, म्हातारी माणसे यांना बाहेर काढावे, जनावरांची दावी सोडावीत.

आग विझविण्याविषयी गैरसमज आहेत. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो. तो नियम विजेच्या चालू तारांसाठी आहे. मुख्य खटका बंद करून जोडणी तुटल्याची खात्री झाल्यावर अशा लहान बॅटरीच्या आगीवर भरपूर पाणी हाच चांगला उपाय होय, कारण घट थंड होणे महत्त्वाचे. एक-दोन तांबे नव्हे; लांब उभे राहून बादल्यांनी किंवा नळीने पाणी मारीत राहावे. वाळूने ज्वाळा दबतात, आजूबाजूला पसरत नाहीत, पण आतील उष्णता जात नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून तिला पुढील दिवसभर बाहेरच ठेवावे व पोरांना जवळ जाऊ देऊ नये. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. खोलीत धूर कोंडला असेल तर आत शिरून बॅटरी काढण्याचे धाडस करू नये. वस्तू गेली तर गेली. अग्निशमनासाठी १०१ किंवा ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. भाजलेल्या जागेवर वाहते गार पाणी वीस मिनिटे सोडावे. शाई, टूथपेस्ट, तेल लावू नये.

निकामी बॅटरीचे काय करावे

उकिरड्यावर टाकलेली बॅटरी पुढे शेणखताबरोबर शेतात जाते किंवा उकिरडा पेटवला की त्यात फुटते. भंगारवाल्याकडे दिली तर तो हातोडीने फोडून तांबे काढतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार अशा बॅटऱ्या इतर कचऱ्यात न टाकता वेगळ्या द्यावयाच्या असून त्या गोळा करून पुनर्वापराला पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून नवी बॅटरी घेतानाच जुनी परत घेणार काय हे दुकानदारास विचारावे. तोवर जुनीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती मातीच्या कुंडीत, घराबाहेर, पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागी ठेवावी.